चालण्याने मेंदूला नेमकं काय मिळतं?

अमेरिकेत इलिनॉय राज्यात झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून ‘चाला, मेंदू वाढेल’ हे वाक्य वर्तमानपत्रांतून, डॉक्टरांच्या व्याख्यानांतून आणि सकाळच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांतून फिरतं आहे. तो प्रयोग खरा आहे आणि चांगला आहे. पण त्यात काय आढळलं आणि काय आढळलं नाही, हे पूर्ण सांगणारं मराठीत फार कमी वाचायला मिळतं. घरात सत्तरीच्या आसपासचं माणूस असेल, किंवा तुम्ही स्वतः त्या वयाकडे चालला असाल, तर ते पूर्ण माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कर्क एरिक्सन, आर्थर क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ ते ८० वयाचे १२० जण घेतले. स्मृतिभ्रंश कुणालाच नव्हता, पण सगळे बैठ्या सवयीचे होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाने आठवड्यातून ३ दिवस चालायचं. पहिल्या आठवड्यात फक्त १० मिनिटं, मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत सातव्या आठवड्यात ४० मिनिटं, आणि पुढे वर्षभर तेवढंच. वेग असा की हृदयाचे ठोके ठरलेल्या पातळीपर्यंत वाढले पाहिजेत. दुसऱ्या गटानेही तितकेच दिवस यायचं, पण अंग ताणण्याचे, तोल सांभाळण्याचे, हलक्या वजनांचे व्यायाम आणि थोडी योगासनं करायची. दुसऱ्या गटाला नुसतं घरी बसवलं नाही, हे महत्त्वाचं. घराबाहेर पडणं, चार लोकांना भेटणं, कुणीतरी आपली चौकशी करणं यानेही माणूस सुधारतो. दोन्ही गटांना ते सारखंच मिळालं, म्हणून जो फरक उरेल तो दमछाक करणाऱ्या चालण्यामुळे, असं म्हणता येतं.

वर्षाच्या सुरुवातीला, मध्यात आणि शेवटी सगळ्यांच्या मेंदूचे एमआरआय काढले. नवीन आठवणी साठवण्यात ज्याचा मोठा वाटा असतो असा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर असतो. उतारवयात निरोगी माणसातही तो वर्षाला साधारण १ ते २ टक्के आक्रसतो. चालणाऱ्यांच्या गटात तो सुमारे २ टक्के वाढलेला दिसला आणि दुसऱ्या गटात सुमारे १.४ टक्के घटलेला. म्हणजे वयाने जे एक-दोन वर्षांत नेलं असतं, ते या लोकांनी वर्षभरात परत मिळवलं. मेंदूचे इतर जे भाग तुलनेसाठी मोजले, त्यांत असा फरक नव्हता.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगितली जाते. स्मरणशक्तीच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले आणि गटागटांत फरक पडला नाही. चालणाऱ्यांपैकी ज्यांचा हिप्पोकॅम्पस जास्त वाढला त्यांची स्मृतीही जास्त सुधारली, हे खरं. पण ‘चालणाऱ्यांची स्मरणशक्ती न चालणाऱ्यांपेक्षा वाढली’ असं त्या प्रयोगाने सिद्ध केलेलं नाही. नंतर असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हा भाग ‘वाढतो’ म्हणण्यापेक्षा त्याची झीज मंदावते असं म्हणणं जास्त योग्य ठरलं. मला यात निराशेचं काही वाटत नाही. साठीनंतर जे आहे ते टिकणं हाच मोठा लाभ आहे.

शिवाय रोजच्या आयुष्यात मेंदूचं काम आठवण्यापुरतं नसतं. गॅसवर दूध ठेवलं आहे, तेवढ्यात दाराची बेल वाजली, कुरियरवाल्याला ओटीपी सांगायचा आहे, आणि तरी दुधाकडे लक्ष ठेवायचं आहे. एका कामातून दुसऱ्यात शिरणं, नको ते बाजूला सारणं, पुढच्या दोन पायऱ्या आधी ठरवणं ही कामं कपाळामागचा मेंदूचा भाग सांभाळतो, आणि उतारवयात ती स्मरणशक्तीच्या आधी किंवा तिच्याबरोबर मंदावतात. क्रेमर यांच्याच गटाने १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ६० ते ७५ वयाच्या १२४ जणांचा प्रयोग मांडला होता. सहा महिने चालल्यावर जी सुधारणा दिसली ती मुख्यतः याच कामांत दिसली. ‘नावं आठवत नाहीत’ ही तक्रार चालण्याने जाईलच असं नाही. पण गोंधळ कमी होणं, एका वेळी दोन गोष्टी निभावणं, यात फायदा दिसण्याची शक्यता जास्त आहे.

चालतात पाय, मग मेंदूपर्यंत काय पोहोचतं?

सगळ्यात आधी रक्त. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विसाव्याच्या अवस्थेत शरीर जो ऑक्सिजन वापरतं त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. तो पोहोचतो केसांहून बारीक रक्तवाहिन्यांतून. वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला, साखर वाढलेली राहिली, की या वाहिन्या जाड आणि ताठर होतात. त्यांच्या पलीकडच्या पेशींना पुरेसं मिळेनासं होतं. अशा सूक्ष्म इजा एमआरआयमध्ये पांढुरक्या डागांसारख्या दिसतात आणि विचारांचा वेग मंदावण्याशी त्यांचा संबंध असतो. नियमित चालण्याने रक्तदाब थोडा उतरतो, इन्सुलिनचं काम सुधारतं, वाहिन्यांचं आतलं अस्तर लवचिक राहतं. हृदयासाठी जे चांगलं ते मेंदूसाठीही चांगलं, असं डॉक्टर म्हणतात ते याचमुळे. माझ्या मते चालण्याचा मेंदूला होणारा सगळ्यात भरवशाचा फायदा हाच आहे.

दुसरी गोष्ट रसायनांची. व्यायामाने बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं. ते मेंदूतल्या पेशींना जगायला आणि एकमेकींशी नवे जोड बांधायला मदत करतं. इलिनॉयच्या प्रयोगात चालणाऱ्यांपैकी ज्यांच्या रक्तात ते जास्त वाढलं, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्येही जास्त वाढ दिसली. त्याआधी १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत पिंजऱ्यात धावण्याचं चाक मिळालेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जास्त संख्येने दिसल्या होत्या. माणसाच्या मेंदूत म्हातारपणी नव्या पेशी तयार होतात की नाही, यावर मात्र शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. ‘चालल्याने मेंदूच्या नव्या पेशी तयार होतात’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर ते उंदरांबद्दल बोलत आहेत असं समजावं.

झोप, मनःस्थिती आणि माणसांची सोबत हे फायदे मोजायला अवघड, पण खरे आहेत.

आता विरुद्ध बाजूचा पुरावा. तो टाळला तर हा लेखही एक व्हॉट्सअ‍ॅप संदेशच ठरेल. अमेरिकेत ‘लाइफ’ नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यात ७० ते ८९ वयाचे १,६३५ बैठे लोक होते. अर्ध्यांना दोन वर्षं चालणं आणि सोबत ताकदीचे व्यायाम दिले, अर्ध्यांना आरोग्याविषयी व्याख्यानं दिली. २०१५ मध्ये निकाल आला. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या बुद्धीच्या चाचण्यांत एकूण फरक नव्हता. फक्त ८० च्या पुढच्या आणि सुरुवातीला शरीराने जास्त दुबळ्या असलेल्या लोकांमध्ये लक्ष आणि नियोजनाच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला.

दुसरा पुरावा लंडनमधल्या सरकारी नोकरांचा. ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात दहा हजारांहून अधिक लोकांवर जवळपास २८ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१७ मध्ये संशोधकांनी मांडलं की ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांची हालचाल निदानाच्या सुमारे ९ वर्षं आधीपासूनच कमी होऊ लागली होती. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. एखाद्या अभ्यासात ‘न चालणाऱ्यांना स्मृतिभ्रंश जास्त झाला’ असं दिसतं, तेव्हा आपण मानतो की न चालल्यामुळे आजार झाला. पण उलटंही असू शकतं. आत सुरू झालेल्या आजारानेच माणसाचा बाहेर पडण्याचा उत्साह आधी काढून घेतलेला असतो. ‘बाबा हल्ली फिरायला जात नाहीत’ हे काही वेळा कारण नसून पहिलं लक्षण असतं.

मग चालण्याचं महत्त्व किती? ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. ते सगळे नाहीसे झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा पुढे ढकलता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात व्यायामाच्या अभावाचा थेट वाटा सुमारे २ टक्के, आणि ऐकू न येण्याचा सुमारे ७ टक्के. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, एकटेपणा, नैराश्य हे धोके त्या यादीत वेगळे मोजले आहेत आणि चालणं या सगळ्यांना थोडं थोडं हात लावतं, म्हणून २ टक्के हा आकडा मला कमीच वाटतो. तरी त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. रोज तासभर चालणारे पण कानाचं यंत्र ‘म्हातारं दिसतं’ म्हणून न लावणारे आजोबा मोठा धोका तसाच सोडून देत आहेत.

किती चालायचं, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. १०,००० पावलांचा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. ते लोकांच्या डोक्यात बसलं. ब्रिटनमधल्या ४० ते ७९ वयाच्या ७८,४३० लोकांच्या मनगटावर मोजमापाची यंत्रं बांधून झालेला अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात साधारण ९,८०० पावलांपर्यंत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी होत गेलेलं दिसलं आणि तिथे ते जवळपास निम्मं होतं. पण रोज ३,८०० पावलं चालणाऱ्यांमध्येही ते सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतं. व्हाइटहॉलचा इशारा इथेही लागू आहे, हे नातं आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे. तरीही ज्या आजीला दहा हजारांचं दडपण येतं आणि त्यामुळे ती एकही पाऊल टाकत नाही, तिला ३,८०० चा आकडा सांगावा.

त्याच अभ्यासात वेगही महत्त्वाचा दिसला. दिवसातल्या सगळ्यात जलद ३० मिनिटांत, मग ती सलग नसली तरी, मिनिटाला ११२ च्या आसपास पावलं टाकणाऱ्यांमध्ये धोका आणखी कमी होता. ‘घरातल्या घरात माझं इतकं चालणं होतं’ असं आपल्या आया नेहमी सांगतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही, घरातल्या तुटक पावलांचाही फायदा त्या अभ्यासात दिसला. पण ओट्यापासून फ्रिजपर्यंतच्या चार पावलांत श्वास वाढत नाही, आणि ठरवून चाललेल्या पावलांशी फायद्याचं नातं अधिक ठळक होतं. त्यांना कामातून अर्धा तास मोकळं करणं हे घरातल्या बाकीच्यांचं काम आहे.

वेग मोजायला घड्याळ लागत नाही. चालताना शेजारच्याशी बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये, इतपत श्वास वाढला की पुरे. १५ सेकंदांत २५ पावलं पडत असतील तर मिनिटाला १०० होतात, बहुतेकांसाठी तो मध्यम वेग आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाचे ठोके मुद्दाम हळू ठेवतात, म्हणून त्या घेणाऱ्यांनी नाडीपेक्षा श्वासावर भरवसा ठेवावा. सलग भरभर चालवत नसेल तर जपानच्या शिन्शू विद्यापीठात वापरलेली पद्धत चांगली आहे. ३ मिनिटं जोरात, ३ मिनिटं हळू, आणि असे फेरे आळीपाळीने. २००७ च्या त्यांच्या अभ्यासात अशा चालण्याने मांड्यांची ताकद आणि दम दोन्ही वाढले, रक्तदाबही उतरला.

सुरुवात मात्र इलिनॉयसारखीच करावी. १० मिनिटं, आणि आठवड्याला ५ मिनिटांची वाढ. पहिल्याच दिवशी उत्साहाने टेकडी चढलेला माणूस गुडघा धरून महिनाभर घरी बसतो. छातीत आवळल्यासारखं झालं, चक्कर आली, दम लागून बोलताच येईना, तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवायचं. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर चपलांऐवजी बंद, मऊ बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे पाहावेत. नुसतं चालून तोल सुधारेलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून निदान ३ दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम सांगते. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं इथून सुरुवात करता येते. पडून खुबा मोडला की चालणं महिनोन्‌महिने थांबतं, म्हणून हे आवश्यक आहे.

आपल्याकडची जेवणानंतर शतपावलीची सवय रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला फार मोलाची आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये साखर वाढण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या साठीपुढच्या लोकांवर एक छोटा अभ्यास झाला, माणसं जेमतेम १० होती. दर जेवणानंतर १५ मिनिटं चालल्याने दिवसभराची साखर सुधारली. विशेषतः रात्रीच्या जेवणानंतरची वाढ अशा चालण्याने एकदम ४५ मिनिटं चालण्यापेक्षा चांगली आटोक्यात राहिली. मात्र शंभर पावलं एका मिनिटात संपतात. गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं घालवावी लागतील.

कुठे चालतो यानेही फरक पडतो. लंडनमध्ये साठीपुढच्या लोकांना एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा वाहनांनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन-दोन तास चालवलं. २०१८ च्या त्या अभ्यासात बागेत चालल्यावर फुप्फुसं आणि रक्तवाहिन्या सुधारल्या, रस्त्यावर तो फायदा बराचसा वाया गेला. आपल्या शहरांत हिवाळ्यातल्या पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते. तेव्हा पाच वाजता हमरस्त्याने चालण्यापेक्षा ऊन वर आल्यावर मैदानात जावं. उजेडात उखडलेले फरसबंदीचे दगडही दिसतात. आपले फूटपाथ म्हाताऱ्या माणसाला चालता येतील असे नाहीत, ही मला आरोग्याचीच समस्या वाटते. वॉर्ड ऑफिसात त्याबद्दल अर्ज देणाऱ्या ज्येष्ठ नागरिक संघांना सगळ्यांनी साथ द्यायला हवी.

चालण्याकडे आणखी एका नजरेने पाहता येतं. स्वीडनमध्ये एका निवासी संस्थेतल्या ५८ वृद्धांसोबत चालता चालता संशोधकांनी गप्पा सुरू केल्या. बोलणं सुरू होताच १२ जण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्यातले १० जण पडले. १९९७ मधला हा साधा अभ्यास आजही शिकवला जातो, कारण चालणं वाटतं तितकं आपोआप घडत नाही, त्यात मेंदूचं लक्ष खर्च होतं हे त्यातून कळतं. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जो वर्गीस यांनी पुढे दाखवलं की चाल मंदावलेली असणं आणि स्वतःला विसरायला होत असल्याची तक्रार असणं या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. केरळमध्ये कोझिकोड इथेही त्यांच्या सहभागाने असा अभ्यास झाला आहे. आईबाबांसोबत कधीतरी चालून पाहा. वर्षभरापूर्वीपेक्षा चाल बरीच संथ झाली आहे का, बोलताना पाय थांबतात का, हे लक्षात आलं तर डॉक्टरांना तेवढंच सांगा. विसरभोळेपणा नवीन असेल तर बी-१२, थायरॉइड, कान, चालू असलेली औषधं आणि नैराश्य हे आधी तपासलं जातं, कारण त्यातलं बरंच काही उपचाराने सुधारतं. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता नेहमी आढळते. ती चालून भरून निघत नाही.

आणि ज्यांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालंच आहे, त्यांच्याबद्दल. ब्रिटनमध्ये सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या ४९४ जणांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २०१८ मध्ये आला. चार महिने चांगला दमवणारा व्यायाम दिला. शरीराचा दम वाढला, पण बुद्धीची घसरण मंदावली नाही, उलट चाचण्यांत व्यायामाचा गट किंचित मागेच राहिला. म्हणून ‘तुम्ही चालत नाही ना, म्हणून असं होतं’ असं आजारी माणसाला कुणी सुनावू नये. ते खरं नाही आणि ते फार लागतं. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना, हा आजार असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले कितीतरी जण आयुष्यभर शेतात राबलेले, मैलोन्‌मैल चाललेले आहेत.

त्यांनी चालायचं ते वेगळ्या कारणांसाठी. रात्री झोप लागावी, पाय आखडू नयेत, पोट साफ राहावं, दिवसातून एकदा तरी आकाश दिसावं म्हणून. वेग आणि पावलं मोजायची गरज नाही. रोज तीच वेळ, तोच रस्ता, शक्यतो तीच सोबत. वाटेत ‘हे कोण, ओळखलंत का?’ अशी परीक्षा घेऊ नये, सरळ नाव सांगून टाकावं. खिशात नाव आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेला कागद असावा. कोपऱ्यावरचा वाणी, सोसायटीचा वॉचमन, रिक्षा स्टँडवरची मंडळी यांना आजाराची कल्पना द्यावी, म्हणजे माणूस एकटा बाहेर पडला तर कुणीतरी थांबवेल. बऱ्याच जणांची अस्वस्थता दिवस मावळताना वाढते, त्यामुळे चारच्या चहानंतरची वेळ फिरायला चांगली.